कवटी न उघडता गाठीची ओळख

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांना मिळतात. धुळे, मालेगाव, चांदवडकडची माणसं एका बाजूने येतात, संगमनेर-सिन्नरकडची दुसऱ्या बाजूने. त्यांतली बरीच दवाखान्याच्या कामासाठी आलेली असतात. चौकात उतरून कोणी कठडा भागातल्या महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयाकडे वळतं, कोणी वडाळा नाक्याच्या किंवा मुंबई नाक्याच्या बाजूला रिक्षा करतं. काहींच्या काखेत एमआरआयचं मोठं पाकीट असतं. आत काळ्या फिल्म, एखादी सीडी आणि दोन पानांचा इंग्रजी रिपोर्ट. घरच्यांना त्यातून एवढंच समजलेलं असतं की डोक्यात गाठ आहे. ती कसली आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं असतं.

या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर आजवर एकाच वाटेने मिळत आलं. कवटी उघडून गाठ काढायची किंवा छिद्र पाडून सुईने काही मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, आणि तो पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. हा तुकडा घेणंही सोपं नाही. गाठ बोलण्याच्या किंवा हात-पाय हलवण्याच्या केंद्राला खेटून असेल, मेंदूच्या देठात असेल, तर सुई नेतानाच भीती असते. रक्तस्राव झाला तर रुग्ण आधी होता त्याहून वाईट अवस्थेत बाहेर येतो. शिवाय एकाच गाठीचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या स्वभावाचे असतात. सुई सौम्य भागात गेली तर अहवालही सौम्य येतो आणि उपचार अपुरे पडतात.

म्हणून गेली तीसेक वर्षं जगभरचे रेडिओलॉजिस्ट कवटीला हात न लावता गाठीची जात ओळखण्याच्या खटपटीत आहेत. या विषयावर बोलताना लोक बहुतेक वेळा यंत्राची किंमत आणि ताकद विचारतात: दीड टेस्ला की तीन टेस्ला? माझं मत थोडं वेगळं आहे. तीन टेस्लाचा फायदा नक्कीच होतो. पण आपल्या जिल्ह्यांतल्या रुग्णाच्या बाबतीत बरंचसं उत्तर साध्या दीड टेस्लाच्या यंत्रावरही निघू शकतं. त्यासाठी त्या यंत्राकडून नेमकं काय मागितलं आणि आलेलं चित्र कोणी किती बारकाईने वाचलं, याला फार महत्त्व आहे.

दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त. त्या क्षेत्रात शरीरातल्या पाण्यातली हायड्रोजनची अणुकेंद्रकं एका दिशेला झुकतात. रेडिओलहरींनी त्यांना ढकललं की परत जागेवर येताना ती संकेत सोडतात आणि त्या संकेतांतून चित्र उभं राहतं. पॉल लॉटरबर यांनी १९७३मध्ये असं पहिलं चित्र प्रसिद्ध केलं आणि २००३मध्ये त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना नोबेल मिळालं. लहरी केव्हा सोडायच्या, संकेत केव्हा टिपायचा, हे बदललं की तेच यंत्र त्याच मेंदूचं वेगळं काहीतरी दाखवतं. अशा प्रत्येक मांडणीला सिक्वेन्स म्हणतात. एकात चरबी चमकते, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात साकळलेलं रक्त काळं दिसतं.

आपल्याकडे सगळ्यात आधी वेगळाच प्रश्न सोडवावा लागतो: ही गाठ कर्करोगाची तरी आहे का? युरोप-अमेरिकेतली पुस्तकं इथून सुरुवात करत नाहीत, आपल्याला करावीच लागते. पंचविशीतल्या माणसाला पहिल्यांदाच आकडी आली, एमआरआय काढला आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर मेंदूत एक चमकतं कडं दिसलं, तर ते ग्लायोमा या मेंदूच्या कर्करोगाचं असू शकतं, पुवाच्या गळवाचं असू शकतं, क्षयाच्या गाठीचं असू शकतं, किंवा फीतकृमीच्या अळीचं असू शकतं. चौघांचं बाहेरून दिसणारं रूप कधीकधी इतकं सारखं असतं की अनुभवी माणूसही थबकतो. उपचार मात्र चार टोकांचे. क्षयाच्या गाठीवर गोळ्या आहेत. अळीची बारीक गाठ बहुतेकदा आकडीच्या औषधांवर असतानाच विरून जाते. असल्या गाठीसाठी कवटी उघडली गेली तर ते दुःख टाळता येण्यासारखं होतं.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. वेदांतम राजशेखर, डॉ. मॅथ्यू चांडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाबतीत जे काम केलं, त्याबद्दल मला फार आदर आहे. १९९३मध्ये त्यांनी आकडीच्या रुग्णांतल्या एकट्या छोट्या गाठींसाठी अळी आणि क्षय यांच्यात फरक करणारे निकष मांडले. गाठ २० मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदू एका बाजूला सरकलेला नाही, डोक्यातला दाब वाढलेला नाही, अशी लक्षणं अळीच्या बाजूने बोलतात. मोठी, वेड्यावाकड्या काठाची, मेंदूला ढकलणारी गाठ क्षयाकडे बोट दाखवते. हे निकष सीटी स्कॅनच्या जमान्यातले. त्यांत महागडं काहीच नव्हतं, फक्त शेकडो रुग्णांकडे चिकाटीने बघणं होतं. एमआरआय आल्यावर अळीच्या पुटीत तिचं डोकं ठिपक्यासारखं अधिक स्पष्ट दिसू लागलं. तो ठिपका दिसला की प्रश्न तिथेच मिटतो.

पुवाचं गळू आणि कर्करोगाची आतून सडलेली गाठ यांच्यातला फरक डिफ्यूजन नावाचा सिक्वेन्स सांगतो. मेंदूतलं पाणी सतत हलत असतं. डेनिस ले बिहाँ यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात हे हलणं मोजता येतं हे दाखवून दिलं. पहाटे चारला द्वारका चौकातून दुचाकीस्वार हवा तसा सुसाट निघतो आणि संध्याकाळी सातला त्याच चौकात त्याला वीतभरही सरकता येत नाही, तसंच या पाण्याचं होतं. मोकळ्या जागेत रेणू लांबवर भटकतो, पेशींच्या दाटीत किंवा घट्ट पुवात अडकून पडतो. गळवाच्या पोटातला पू घट्ट असतो, म्हणून डिफ्यूजनच्या चित्रात गळवाचा गाभा चमकतो. ग्लायोब्लास्टोमा या आक्रमक ग्लायोमाच्या पोटात सडून पातळ झालेला द्रव असतो, तिथे पाणी मोकळं हिंडतं आणि गाभा काळाच राहतो. अपवाद आहेत, पण इतकं उपयोगी चित्र आणि वेळ जेमतेम दोन-तीन मिनिटं! आजच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात ही सोय असते.

आता स्पेक्ट्रोस्कोपी. यात यंत्र चित्र काढत नाही, गाठीच्या एका ठरलेल्या चौकोनात कोणती रसायनं आहेत ते आलेखावर मांडतं. तंत्रज्ञ पडद्यावर दीड-दोन सेंटिमीटरचा चौकोन गाठीवर बसवतो. तो कवटीच्या चरबीला किंवा साकळलेल्या रक्ताला लागू नये म्हणून पुन्हापुन्हा सरकवतो आणि मग काही मिनिटं रुग्णाला डोकं अजिबात न हलवता पडून राहावं लागतं. हाती येतो तो शिखरांचा आलेख. निरोगी मेंदूत डावीकडून उजवीकडे बघितलं तर कोलीनचं शिखर बुटकं, त्याच्याशेजारी क्रिएटीनचं, आणि पुढे एनएए नावाच्या रसायनाचं सगळ्यांत उंच. एनएए हे जिवंत चेतापेशींचं लक्षण, कोलीन हे पेशींची आवरणं वेगाने बनत-मोडत असल्याचं. गाठ वाढत असली की चढ उलटा होतो: कोलीन वर चढतं, एनएए खचतं. एकदा समोर ठेवून दाखवलं की हा उलटा चढ कुणालाही ओळखता येतो.

आपल्या दृष्टीने यातलं सगळ्यात कामाचं शिखर अगदी उजवीकडे असतं, स्निग्ध पदार्थांचं. क्षयाच्या गाठीचं पोट चिजासारख्या मृत पदार्थाने भरलेलं असतं आणि क्षयाच्या जंतूचं आवरणही मेणचट असतं, त्यामुळे तिथे स्निग्ध पदार्थांचं शिखर एकटंच उठून दिसतं. पुवाच्या गळवात ॲमिनो आम्लांची, ॲसिटेट आणि सक्सिनेटची शिखरं सापडतात, जी कर्करोगाच्या गाठीत सहसा नसतात. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत डॉ. राकेश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं. भारतीय रोगांसाठी भारतीय डॉक्टरांनी घडवलेलं हे ज्ञान आहे.

गाठ कर्करोगाचीच आहे असं ठरल्यावर पुढे जातीचा प्रश्न येतो, आणि तो गेल्या काही वर्षांत पार बदलला आहे. पूर्वी पेशी कशा दिसतात यावरून नाव पडायचं. २००८मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या काही रुग्णांत आयडीएच नावाच्या जनुकात बिघाड सापडला. मग लक्षात आलं की हा बिघाड असलेले रुग्ण नसलेल्यांपेक्षा बरीच जास्त वर्षं जगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६मध्ये वर्गीकरणात जनुकांना जागा दिली आणि २०२१च्या पाचव्या आवृत्तीत प्रौढांमधल्या पसरणाऱ्या ग्लायोमांचे तीनच मोठे गट ठेवले: आयडीएच बिघडलेला ॲस्ट्रोसायटोमा, आयडीएचसोबत गुणसूत्रांचे १पी आणि १९क्यू हे दोन तुकडेही हरवलेला ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, आणि आयडीएच शाबूत असलेला ग्लायोब्लास्टोमा. म्हणजे आता चित्रातून जात ओळखायची तर जनुकाचा बिघाडच ओळखायला हवा.

हे अशक्य वाटतं, पण याची एक वाट रसायनशास्त्रातून निघाली. बिघडलेलं आयडीएच विकर नेहमीचं काम सोडून २-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचं रसायन तयार करतं. निरोगी मेंदूत ते जवळपास नसतंच, अशा गाठीत मात्र साठून राहतं. हा शोध २००९चा. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०१२मध्ये, टेक्सासमधल्या चांगहो चोई यांच्या गटाने जिवंत रुग्णाच्या मेंदूत स्पेक्ट्रोस्कोपीने ते मोजून दाखवलं. जनुकातली चूक कवटीबाहेरून वाचता आली! व्यवहारात मात्र हे नाजूक काम आहे. या रसायनाचं शिखर ग्लुटामेटच्या शिखरांत मिसळून जातं, त्यासाठी यंत्राची खास मांडणी लागते, तीन टेस्ला बरं पडतं आणि गाठ पुरेशी मोठी असावी लागते. गल्लोगल्लीच्या सेंटरवर हे होईल असं मी म्हणणार नाही.

पण दुसरी वाट अगदी साधी आहे. टी-टू आणि फ्लेअर हे दोन सिक्वेन्स मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक एमआरआयमध्ये काढले जातात. टी-टूमध्ये पाणी पांढरं दिसतं. फ्लेअरमध्ये मोकळ्या पाण्याचा संकेत मुद्दाम दाबलेला असतो. २०१७मध्ये सोहिल पटेल आणि सहकाऱ्यांनी कमी श्रेणीच्या ग्लायोमांची सार्वजनिक संग्रहातली चित्रं तपासली. काही गाठी टी-टूवर सलग पांढऱ्या दिसत होत्या, फ्लेअरवर मात्र त्यांचं पोट काळं पडलेलं आणि भोवती पांढरी किनार तेवढी उरलेली. असं विसंगत रूप दाखवणाऱ्या त्यांच्याकडच्या सगळ्या गाठी आयडीएच बिघडलेल्या ॲस्ट्रोसायटोमाच निघाल्या. गाठीतल्या सूक्ष्म पोकळ्यांतला द्रव फ्लेअरमध्ये दबला जात असावा, असं मानतात. या चिन्हाला मर्यादा आहेत. अशा बऱ्याच ॲस्ट्रोसायटोमांत ते दिसतच नाही, म्हणून ते नसण्यावरून काही सिद्ध होत नाही. लहान मुलांच्या काही वेगळ्या गाठींतही ते नंतर आढळलं. पण प्रौढात ते ठसठशीत दिसलं तर त्याचं वजन मोठं. हे चिन्ह कितीतरी वर्षं जगभरच्या फिल्मवर होतं, त्याचा आयडीएचशी संबंध कोणी जोडला नव्हता एवढंच.

परफ्यूजन म्हणजे गाठीतला रक्तपुरवठा मोजणं. शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन भराभर दिलं जातं आणि ते मेंदूतून जाताना सेकंदासेकंदाला चित्रं घेतली जातात. आक्रमक ग्लायोमा स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उभारतो, त्यामुळे तिथलं रक्ताचं प्रमाण वाढलेलं दिसतं. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा सौम्य असतानाही रक्ताने समृद्ध असतो, तिथे हा नियम फसवतो. सर्जनला सुई नेमकी कुठे न्यायची हे सांगायला आणि रेडिएशननंतर दिसणारा डाग परत आलेल्या गाठीचा की जळलेल्या ऊतीचा हे ठरवायला परफ्यूजनचा मोठा आधार असतो.

लिम्फोमा या दुसऱ्या प्रकारच्या कर्करोगाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. मेंदूतल्या लिम्फोमात पेशी दाट असतात, म्हणून डिफ्यूजन अडलेलं असतं. कॉन्ट्रास्टने तो सलग चमकतो, पण परफ्यूजन ग्लायोब्लास्टोमाइतकं वाढलेलं नसतं. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर डॉक्टरांनी सावध व्हायचं असतं. कारण सूज उतरावी म्हणून दिलेल्या स्टिरॉइडने लिम्फोमा काही दिवसांत विरघळल्यासारखा होतो आणि मग बायोप्सीच्या तुकड्यात काही सापडत नाही. रुग्णाची अवस्था गंभीर असेल तर स्टिरॉइड द्यावंच लागतं. पण सवड असेल तेव्हा आधी तुकडा आणि मग स्टिरॉइड, हा क्रम एमआरआय बघूनच सुचतो.

महाराष्ट्रात या विषयावर झालेलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं काम टाटा मेमोरियल सेंटरचं आहे, आणि ते लहान मुलांच्या गाठीवर आहे. मेड्युलोब्लास्टोमा ही मुलांमधली सर्वाधिक आढळणारी घातक मेंदूची गाठ. ती लहान मेंदूत होते. जनुकांवरून तिचे चार गट पडतात: डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. डब्ल्यूएनटी गटातली बहुतेक मुलं उपचारांनी बरी होतात, गट ३ सगळ्यात कठीण. गट कळला तर कुणाला जास्त रेडिएशन हवं आणि कुणाच्या वाढत्या मेंदूला त्यातून थोडं वाचवता येईल, याचा विचार करता येतो. टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक प्रयोगशाळेत डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने २०१३मध्ये मेणात जतन केलेल्या तुकड्यावरही करता येईल अशी गट ओळखण्याची चाचणी प्रसिद्ध केली. निवडक जनुकं आणि सूक्ष्म आरएनए मोजणारी ही चाचणी परदेशी महागड्या तंत्रांना पर्याय म्हणून उभी राहिली.

त्यापुढचं पाऊल २०१९मध्ये प्रसिद्ध झालं. टाटाच्या अर्च्य दासगुप्ता, तेजपाल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १११ रुग्णांचे शस्त्रक्रियेआधीचे एमआरआय आणि त्यांच्या गाठींचे जनुकीय गट समोरासमोर ठेवले. गाठ मध्यरेषेत आहे की बाजूला, कॉन्ट्रास्ट किती घेते, कडा कशा आहेत, अशा नेहमीच्या चित्रांतल्या खुणांवरून गटाचा अंदाज बांधणारे तक्ते त्यांनी तयार केले. एसएचएच गट उत्तम ओळखता आला, गट ४ बऱ्यापैकी, बाकीच्या दोघांत अंदाज कमी पडला. यामागचं कारण सुंदर आहे. एसएचएचच्या गाठी लहान मेंदूच्या गोलार्धांतल्या पूर्वज पेशींपासून उगवतात, म्हणून त्या बाजूला दिसतात. डब्ल्यूएनटीचं मूळ मेंदूच्या देठाच्या पाठीशी असतं. गाठ जिथे दिसते तिथे तिच्या जन्माचा पत्ता असतो, आणि जनुकांचा स्वभाव त्या पत्त्याशी बांधलेला असतो.

संगणकाच्या बाजूने मराठवाड्यातून झालेलं कामही सांगण्यासारखं आहे. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेत उज्ज्वल बैद यांनी डॉ. संजय तळबार यांच्या मार्गदर्शनाखाली, टाटाच्या डॉक्टरांना सोबत घेऊन, एमआरआयवर ग्लायोमाचे भाग आपोआप आखणारी प्रणाली विकसित केली. पुढे अमेरिकेत गेल्यावर २०२१च्या ब्रॅट्स या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची मांडणी करणाऱ्या शोधनिबंधाचे ते पहिले लेखक होते. त्या स्पर्धेत एक आव्हान असं होतं की केवळ एमआरआय बघून एमजीएमटी नावाच्या जनुकाची अवस्था सांगा. टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध ग्लायोब्लास्टोमावर किती चालेल हे त्यावरून कळतं. जगभरच्या संघांनी भाग घेतला. विजेत्याचा गुणांक ०.६२च्या आसपास होता, आणि निव्वळ नाणं उडवलं तरी ०.५ मिळतो. काही जनुकांची खूण चित्रात उमटते, काहींची उमटत नाही असं यातून दिसतं, आणि कोणत्याही संगणकाच्या दाव्याकडे बघताना मला हा आकडा आठवतो.

तुकड्याची गरज संपलेली नाही, उलट काही ठिकाणी ती परत आली आहे. मुलांमध्ये मेंदूच्या देठात पसरणारा ग्लायोमा अनेक वर्षं फक्त एमआरआयवरून ठरवला जायचा, कारण तिथे सुई नेणं धोक्याचं आणि नेऊनही उपचार बदलत नव्हते. २०१२मध्ये या गाठींत हिस्टोन या प्रथिनाच्या जनुकातला बिघाड सापडला आणि औषधांचे प्रयोग सुरू झाले, तशी मोठ्या केंद्रांत तिथली बायोप्सी पुन्हा होऊ लागली. आयडीएच बिघडलेल्या ग्लायोमासाठी वोरासिडेनिब हे औषध अमेरिकेत २०२४मध्ये मंजूर झालं, तेही जनुकचाचणीत बिघाड सिद्ध झाल्यावरच देतात. एमआरआयचं चित्र त्या चाचणीपर्यंत नेतं, तिची जागा घेत नाही.

नाशिकमध्ये हे सगळं कुठे लागतं? पहिल्या एमआरआयच्या वेळी. चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' लिहून आलं आणि रुग्णाला फक्त डोकेदुखी आहे असं तंत्रज्ञाला वाटलं, तर तेवढेच सिक्वेन्स काढले जातात. गाठ दिसल्यावर पुन्हा बोलवायचं, पुन्हा खर्च, पुन्हा मालेगावहून गाडी. त्यापेक्षा रुग्णाने किंवा नातेवाइकाने आकडी कधी आली, घरात कुणाला क्षय होता का, आधी कसली गाठ काढली आहे का, स्टिरॉइड सुरू आहे का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, हे सगळं आधीच सांगावं. रेडिओलॉजिस्ट त्याच बैठकीत डिफ्यूजन, कॉन्ट्रास्ट आणि गरज वाटली तर परफ्यूजन किंवा स्पेक्ट्रोस्कोपी करून घेऊ शकतात. जुने स्कॅन फेकू नयेत, कारण दोन वर्षांपूर्वीच्या चित्राशी तुलना केली की गाठीचा वेग कळतो. आणि सीडी मागून घ्यावी. फिल्मवर निवडक चित्रं छापलेली असतात. पाण्याच्या हालचालीचं मोजमाप, रक्ताच्या प्रवाहाचे आकडे, टी-टू आणि फ्लेअरचे एकाच पातळीवरचे काप सीडीतल्या मूळ माहितीतून पुन्हा काढता येतात. कसारा उतरून टाटात, परळला किंवा खारघरला, दाखवायला जायची वेळ आली, तर तिथले डॉक्टर फिल्म उजेडात धरण्याआधी सीडी संगणकात घालतात.